पाणी उतरलं तेव्हा

पर्वताबाईचा गोठा नदीत गेला तेव्हा मी तिसरीच्या पोरांना सातचा पाढा सांगत होतो. धान्याचं भरलेलं पोतं पाण्यात टाकावं तसा आवाज आला. आम्ही सगळेच बाहेर धावलो. काठाच्या काळ्या मातीचा पंधरा-वीस हात लांबीचा तुकडा गोठ्यासकट खाली बसला होता. दावणीची म्हैस दोनदा पाण्याबाहेर दिसली, मग दिसली नाही. पर्वताबाई तिथंच उभी होती, हातात वैरणीची पेंडी घेऊन.

ऊन लख्ख पडलं होतं. पाऊस थांबून चार दिवस झाले होते.

"पूर असताना नाई पडत, गुरुजी," माझ्या शेजारी उभे असलेले शेषराव गोहणे म्हणाले. "पूर उतरला, का मंग पडते. आतून भिजून राह्यते ना."

मी तेवीस वर्षांचा होतो. आंजनखेडची एकशिक्षकी शाळा ही माझी पहिली नेमणूक. साठ घरांचं गाव. वर्धा नदी तिथं घोड्याच्या नालासारखं वळण घेत असे आणि त्या वळणाच्या बरोबर बाहेरच्या अंगाला, जिथं पाण्याची धडक बसे, तिथं गाव. शेषराव गावचे मोठे. त्यांचं घर काठापासून तिसरं. दर पोळ्याला ते दारापासून काठापर्यंतचं अंतर हातानं मोजत. त्या साली एकशे बारा हात भरलं. आदल्या साली एकशे चाळीस होतं.

"आमच्याच अंगानं काऊन खाते हो ही?" त्यांनी विचारलं. "पलीकडे तं वाळू टाकत जाते."

त्या गावात मला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. पोरांच्या हजेरीपलीकडे तिथं माझा कुणाला उपयोग नव्हता. मी म्हणालो, "चौथीला तो धडा आहे. शिकवीन तेव्हा या."

ते खरोखरच आले. थंडीचे दिवस होते. मागच्या भिंतीला टेकून, कानावर मफलर बांधून बसले. मी फळ्यावर नदीचं वळण काढलं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं, म्हणून काठ कापतं. आतल्या बाजूला मंद असतं, म्हणून गाळ टाकतं. असं होत होत वळण फुगत जातं आणि त्याची दोन टोकं एकमेकांच्या जवळ येतात. मग एखाद्या पुरात नदी मधली चिंचोळी पट्टी फोडून सरळ निघून जाते. जुनं वळण मागं राहतं, डबक्यासारखं.

आमच्याही वळणाला तशी पट्टी होती. पलीकडच्या काठावर, जेमतेम सत्तर हातांची, बाभळींनी भरलेली. गावात तिला 'कंबर' म्हणत. फळ्यावर मी तिथं तुटक रेघ मारली.

"गुरुजी, याच्यात आमचा टोला कोठी हाय?"

कौसल्येनं विचारलं होतं. डोमा पारिसे या भोयाची ती थोरली मुलगी. नदीपलीकडे कंबरेच्या खालच्या अंगाला भोयांच्या पाच घरांचा टोला होता. तिथून ती रोज बापाच्या डोंग्यातून शाळेत येई. मी तिला खडू दिला. तिनं फळ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग एक टिंब काढलं. ते तुटक रेघेच्या बरोबर तोंडाशी होतं.

"मंग नदी आमच्या घरातून जाईन?"

पोरं हसली. मीही हसलो. "तोवर तू म्हातारी होशील. शंभर वर्षं लागतात अशा गोष्टीला."

शेषराव हसले नाहीत.

संध्याकाळी ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. पानाला चुना लावता लावता म्हणाले, "शंभर वर्षं काऊन लागतेत?"

"पट्टी हळूहळू झिजते म्हणून."

"आन् कोनी मदत केली तं?"

त्यांचा रोख मला कळला होता. कळूनही मी खूश झालो. आपण शिकवलेलं एखाद्याच्या डोक्यात इतकं सरळ उतरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "चार हात रुंद चर खणला तरी पुरे. पुराचं पाणी एकदा त्यात शिरलं की बाकीचं तेच करतं. गाळाची माती, एका दिवसात फाकेल."

"मंग इकडचा जोर?"

"संपला. इथं पाणी उभं राहील नुसतं."

त्यांनी पान तोंडात घातलं. मी विचारलं, "पण टोल्याचं काय?"

"थे भोई लोकं हायेत, गुरुजी. पान्यातच जलमले. पानी चढलं का पोरंबाळं घेऊन टेकाडावर जातेत. दर सालचंच हाय थे."

"तरी त्यांना सांगायला हवं."

"सांगतलं का थे मोहगावच्या मालकाले सांगतीन. पलीकडची जमीन त्याची. दुसरा जिल्हा, दुसरे पोलीस. मंग आपली साठ घरं गेली समजा." मग ते म्हणाले, "पर्वताबाईचा गोठा तुमी डोयानं पायला ना?"

मी पाहिला होता.

वैशाखात नदी इतकी आटली की गुडघाभर पाण्यातून पलीकडं जाता येई. भोई त्या दिवसांत टोल्यावर नसत. कोस-दीड कोस खाली वाळवंटात त्यांच्या डांगरवाड्या असत, टरबुजं राखायला सगळी घरंच्या घरं तिकडं मुक्कामाला जात. तेव्हा आम्ही चर खणला. एकोणीस माणसं, विसावा मी. मारुतीच्या देवळात नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. चार दिवस पहाटे जायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं. खुंट्या मी ठोकल्या. दोरी मी धरली. वरच्या टोकाला पाण्याचा धक्का जिथं नीट बसेल ती जागा मीच दाखवली. माणसाच्या कंबरेइतका खोल चर झाल्यावर आम्ही त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या.

त्या चार दिवसांत लोक मला 'आमचे गुरुजी' म्हणू लागले. पर्वताबाईनं माझ्यासाठी घरच्या गव्हाच्या शेवया पाठवल्या.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मात्र मला राहवेना. भोई डांगरवाड्यांवरून परतले होते. कौसल्येचा चौथी पास झाल्याचा दाखला द्यायचा आहे असं निमित्त काढून मी पलीकडं गेलो.

डोमा अंगणात जाळं विणत बसला होता. वय पस्तीसच्या आत, पण उन्हानं कातडी जांभळट काळी झालेली. त्याची बायको सखू हिनं मला खाटेवर घोंगडी टाकून दिली. त्याची म्हातारी आई दारात सुपात तांदूळ पाखडत होती. धाकटी तुळसा दोन-अडीच वर्षांची, नागडीच, कोंबडीमागं धावत होती.

"गुरुजी स्वतः आले!" डोमा म्हणाला. "पोरीनं काई केलं का?"

"नाही, नाही. हुशार आहे. तिला पुढं शिकवा."

कौसल्या खांबाआड उभी राहून ऐकत होती. मी दाखला दिला. डोमानं तो दोन्ही हातांनी घेतला, उलटासुलटा पाहिला आणि आईकडं दिला. म्हातारीनं तो कपाळाला लावला.

मग मी विचारलं, "पावसाळ्यात इथं भीती नाही वाटत?"

"इथं कायची भीती?" डोमा हसला. "नदी तिकडून, तुमच्या गावाले वळसा घालून येते. इथं येता येता तिचा दम निंगून जाते. पानी चढते, पन हळूहळू. दाराशी आलं का म्हातारीले उचलतो, भांडेकुंडे उचलतो, मंग टेकाडावर. माह्या आजानं जागा पाहूनच घर बांधलं."

मी घोंगडीची दशी ओढत बसलो.

"एक विचारू गुरुजी?" तो म्हणाला. "पोरगी सांगत होती, का तुमी फळ्यावर नदी काढली, आन् थे आमच्या घरातून जाईन म्हने. खरं हाय का?"

खांबाआडून कौसल्या माझ्याकडं पाहत होती.

"आन् त्या कंबरेवर कोनीतरी चर खांदला हाय," डोमा पुढं म्हणाला. "मोहगाववाल्या मालकानं गुरं अडवाले खांदला असन. पन मी म्हटलं, गुरुजीले विचारून पाहू. शिकलेला मानूस हाय."

त्या अंगणात मी सांगू शकत होतो. शपथ होती, पोलीस होते, साठ घरं होती, हे सगळं खरंच. पण खरं कारण तेही नव्हतं. 'आमचे गुरुजी' म्हणणारं गाव मला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं.

"मालकानंच खणला असेल," मी म्हणालो. "आणि नदीचं म्हणाल तर त्याला शंभर वर्षं लागतात."

"पाह्य, मी सांगतलं होतं ना?" डोमा कौसल्येला म्हणाला. ती खांबाआडून निघून आत गेली.

निघताना मी म्हटलं, "तरी यंदा पाऊस जास्त आहे म्हणतात. आधीच टेकाडावर गेलात तर बरं."

"पाहू ना," डोमा म्हणाला. आमची वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखा तो मला डोंग्यापर्यंत पोचवायला आला.

आषाढात पाच दिवस झड लागली. पाचव्या दिवशी दुपारी नदी अजून डोंगा घालण्याजोगी होती, तेव्हा डोमा तुळसाला घेऊन आमच्या गावी आला. पोरगी तापानं फणफणली होती. गावात एक कंपाउंडर होता, त्यानं सुई टोचली, औषध दिलं. तोवर पाणी वाढलं. वळणाच्या तोंडाशी भोवरे फिरू लागले. शेषराव म्हणाले, "आता डोंगा घालू नको डोमा. पोरीले घेऊन बुडशील." मी त्याला शाळेत माझ्या खोलीवर ठेवून घेतलं.

"म्हातारी हाय, सखू हाय," तो म्हणाला. "कौसल्या मोठी हाय आता. दाराशी पानी आलं का जातीन टेकाडावर." पोरीला मांडीवर घेऊन तो स्वस्थ झोपी गेला.

सकाळी उजाडलं तेव्हा पाऊस ओततच होता. सगळं गाव काठावर जमलेलं. पाणी काठाला घासून चाललं होतं, आणि शेषरावांनी अंतर मोजायला रोवलेली खुंटी कधीच गेली होती. पर्वताबाईच्या घराच्या भिंतीला फटी पडल्या होत्या. बायका सामान बांधत होत्या. डोमा माझ्याजवळ उभा होता, तुळसा त्याच्या खांद्यावर, घोंगडीत गुंडाळलेली.

साधारण आठ वाजता पलीकडच्या बाजूनं आवाज आला. सुरुवातीला ढगांचा वाटला. पण तो थांबेना. जात्यासारखा घरघरत राहिला.

आणि आमच्या समोरचं पाणी उतरू लागलं.

पाऊस पडत होता, वरून लोंढे येत होते आणि काठाची ओली माती वीतभर, मग हातभर उघडी पडत गेली. भोवरे मंदावले. वाहत आलेलं एक झाड वळणाच्या मधोमध येऊन थांबलं आणि जागच्या जागी हळूहळू फिरू लागलं.

कुणीतरी "जय बजरंगबली!" अशी आरोळी ठोकली. एकोणीस जणांना ठाऊक होतं, बाकीचे चमत्कार समजून नाचू लागले. पर्वताबाईनं नदीला हात जोडले. शेषरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

एकटा डोमा उतरत्या पाण्याकडं टक लावून पाहत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "वरून पूर येऊन रायला, आन् पानी उतरून काऊन रायलं?"

मी त्या फिरणाऱ्या झाडाकडं पाहत राहिलो.

"मंग हे पानी चाललं कोठी?"

त्यानं स्वतःच मान वळवली, आवाज येत होता त्या दिशेला. बाभळींच्या शेंड्यांवरून काही दिसत नव्हतं. मग त्यानं तुळसाला माझ्या हातात दिलं आणि तो धावत डोंग्याकडं गेला. अडवायला दोघंतिघं मागं धावले, पण तो निघालाही होता. आता वळणातलं पाणी इतकं शांत होतं की त्याला वल्हवायला काहीच अडचण आली नाही.

टेकाडाला वळसा घालून तो पोचला तेव्हा टोला नव्हता. घरांच्या जागी नदी होती, तीनशे हात रुंद. पाच घरांतली नऊ माणसं गेली. सखू, म्हातारी आणि कौसल्या त्यांत होत्या. वाचले ते म्हणाले, पाणी चढलंच नाही. भिंतीसारखं आलं.

सखू आणि म्हातारी तिसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ सापडल्या. कौसल्या सापडली नाही.

पंचनाम्याला अधिकारी आले. गावात नीट लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून लिहिण्याचं काम मला सांगितलं. अधिकारी बोलत गेले आणि मी लिहीत गेलो: अतिवृष्टीमुळे नदीने नैसर्गिकरीत्या प्रवाह बदलल्याने. साक्षीदार म्हणून शेषरावांनी सही केली. डोमानं अंगठा उठवला. शाई पुसायला मीच त्याला कागदाचा बोळा दिला. तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी तं शंभर वर्षं म्हटलं होतं, गुरुजी."

"नदीचं सांगता येत नाही," मी म्हणालो.

आंजनखेडनं डोमाला गावात घर बांधून दिलं. काठालगतची ती जागा शेषरावांनी दिली, लाकूड कुणी दिलं, छपराची कवेलू कुणी दिली. एकोणीस घरांतून आळीपाळीनं तुळसासाठी दूध येई. असं गाव कुठं मिळायचं नाही, असं डोमा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मी ते दोनदा ऐकलं आणि बदलीचा अर्ज केला.

त्यानंतर मी बत्तीस वर्षं नोकरी केली. नदीचा धडा दर वर्षी शिकवला, पुस्तकात होता तेवढाच. लग्न, मुलं, घर सगळं झालं. बायकोलाही मी हे सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात मी आंजनखेडला गेलो. जुन्या वळणाची जागा ओळखू येईना. नदी दूर गेली होती. वळणात बेशरमाची झुडपं, हिरवं शेवाळ, डुकरं. नदी गेल्यावर विहिरीही खोल गेल्या होत्या, बाया मैलभरावरून पाणी आणत. शेषराव वारले होते. एकोणीसपैकी चौघं जिवंत होते.

डोमा ओसरीवर बसला होता. नजर अधू झाली होती, पण आवाजावरून त्यानं मला ओळखलं. तुळसानं चहा दिला आणि ती अंगणवाडीत गेली, तिथं ती मदतनीस होती. मग मी सांगितलं. फळा, खुंट्या, दोरी, शपथ, अंगणातलं खोटं, सगळं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

 डोमाचे हात मांडीवर होते, ते हलत नव्हते.

"शेषरावदादा होते त्याच्यात?" त्यानं विचारलं.

"होते."

"पर्वताबाईचा पोरगा?"

"होता."

आणखी दोन नावं त्यानं विचारली. मी होय म्हणालो. मग तो विचारायचा थांबला.

"तुळसाले सांगू नका," तो म्हणाला. "तिचा नवरा गेला. पोरगं घेऊन इथंच हाय थे. याच लोकाइले काका-मामा म्हनते. तिनं जावं कोठी?"

"नाही सांगणार."

"तुमी सांगून मोकळे झाले, गुरुजी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता जा. आन् परत येऊ नका."

मी उठलो. नमस्कार करायला वाकलो, तर त्यानं पाय मागं घेतले.

फाट्यावर दुपारच्या बसची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात तुळसा धावत आली. अंगणवाडी सुटली होती. "न जेवताच निंगाले?" ती म्हणाली, "बाबानं अडवलं नाई?" तिनं वाकून नमस्कार केला. मला पाय मागं घेता आले नाहीत.

मग ती घुटमळली. "एक विचारू गुरुजी? माही बहीन तुमच्या शाळेत होती ना. बाबा तिचं नावच काढत नाई. फोटो नाई, काई नाई. कशी होती हो थे?"

मी म्हणालो, "डावखुरी होती. पाटीवर लिहिताना जीभ बाहेर काढायची."

तिला हसू आलं. "अजून?"

"कविता मोठ्यानं म्हणायची, इतक्या मोठ्यानं की मला खुणेनं गप्प करावं लागे. बोरं आणायची ओच्यात बांधून, पण वाटताना पहिलं बोर स्वतः खायची. पावसाला भ्यायची नाही, कुत्र्याला भ्यायची. केस सखूबाई चापूनचोपून बांधून द्यायची, पण डोंग्यातून येईस्तोवर एक वेणी सुटलेली असायची. आणि तीही नेहमी उजवीकडचीच."

तुळसाचा हात नकळत स्वतःच्या उजव्या कानाकडं गेला.

"अजून सांगा," ती म्हणाली.

बस आली. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. बस धुरळा उडवत निघून गेली आणि आठवत होतं तेवढं मी तुळसाला सांगत राहिलो.